नऊ दिवसांचे पोहणे, दोन महिन्यांचा खर्च : ब्यूफोर्ट समुद्रातील एका ध्रुवीय अस्वलाच्या मादीचे प्रकरण

२००८ सालच्या ऑगस्टअखेरीस अलास्काच्या उत्तरेकडील ब्यूफोर्ट समुद्राच्या परिसरात संशोधकांनी ध्रुवीय अस्वलाची एक प्रौढ मादी पकडली, तिचे वजन केले, गळ्यात उपग्रहाशी जोडलेली कॉलर बसवली आणि तिला सोडून दिले. वजन २२६ किलो भरले होते. तिच्यासोबत दीड वर्ष उलटून गेलेले एक पिल्लू होते. ऑक्टोबरअखेरीस हीच मादी पुन्हा पकडली गेली तेव्हा तिचे वजन १७७ किलो भरले, आणि पिल्लू सोबत नव्हते. मधल्या साधारण दोन महिन्यांत ती काय करत होती, याचा वृत्तान्त कॉलरमधील नोंदींतून निघाला. सुटका झाल्यानंतर लवकरच ती समुद्रात उतरली आणि २३२ तास, म्हणजे नऊ दिवसांहून अधिक काळ, सलग पोहून ६८७ किलोमीटर अंतर तोडल्यावर तिला बर्फ लागला. त्यानंतर कधी बर्फावरून चालत, कधी मधले पाणी पोहून ओलांडत तिने आणखी सुमारे १,८०० किलोमीटरची वाट तुडवली.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील जॉर्ज ड्यूर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे प्रकरण शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा जगभरच्या बातम्यांत गाजला तो ६८७ हा आकडा. ते स्वाभाविकही होते, कारण एवढ्या मोठ्या अंतराच्या सलग पोहण्याची इतकी तपशीलवार नोंद तोवर हाती आलेली नव्हती. परंतु प्रकरण म्हणून याकडे पाहिले, तर पोहणे हा त्यातील सर्वांत दिपवणारा भाग आहे, सर्वांत महत्त्वाचा नव्हे. मादी जगली की नाही, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : ती जगली. त्या जगण्यासाठी तिने काय मोजले आणि ते कोठे मोजले, हा अधिक अवघड प्रश्न आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

परिस्थिती

ध्रुवीय अस्वल बहुधा जमिनीवर जन्मते, चारी पायांनी चालते आणि अस्वलांच्याच कुळातले आहे. तरी त्याचे अन्न समुद्रात असल्यामुळे शास्त्रज्ञ त्याची गणना सागरी सस्तन प्राण्यांत करतात. वलयांकित सील आणि दाढीवाला सील ही त्याची मुख्य भक्ष्ये. मोकळ्या पाण्यात सील अस्वलापेक्षा कितीतरी चपळ असतो आणि तेथे त्याला पकडणे जवळजवळ अशक्य असते. सील बर्फातल्या श्वासछिद्राशी हवा घ्यायला वर येतो किंवा बर्फावर पहुडतो, तेव्हाच अस्वलाला संधी मिळते, आणि पुष्कळदा त्यासाठी छिद्राशेजारी हालचाल न करता दीर्घकाळ वाट पाहावी लागते. बर्फ अस्वलाला शिकारीसाठी उभे राहायला जागा देतो. तो नसेल तर खालच्या पाण्यात सील कितीही असोत, अस्वलाला त्यांचा उपयोग नाही.

दुसरी अट तितकीच महत्त्वाची असून सामान्य वर्णनांत ती बहुधा गाळली जाते. बर्फ नुसता असून भागत नाही, तो योग्य जागी असावा लागतो. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यालगत भूखंडमंचाचा उथळ पट्टा आहे. तेथील पाण्यात अन्नसाखळी समृद्ध असल्याने मासे आणि सील भरपूर असतात. हा पट्टा फार रुंद नाही. त्याच्या उत्तरेला समुद्रतळ झपाट्याने खोल जातो आणि त्या खोल पाण्यावरच्या बर्फाखाली सील विरळ होत जातात. पूर्वी उन्हाळ्याच्या अखेरीसही बर्फाची कड बरीचशी या उथळ पट्ट्यावर किंवा त्याच्या जवळपास राहत असे. अलीकडच्या दशकांत ती मंच सोडून उत्तरेकडे, खोल पाण्यावर सरकू लागली आहे. २००७ च्या सप्टेंबरमध्ये आर्क्टिक समुद्रावरील बर्फाचा विस्तार उपग्रह नोंदी सुरू झाल्यापासूनच्या तोवरच्या नीचांकाला पोचला होता. प्रस्तुत प्रकरणाचे वर्ष २००८; त्या वर्षीचा विस्तार तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा नीचांक ठरला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकी शासनाने संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली ध्रुवीय अस्वलाला संकटाच्या उंबरठ्यावरील प्राण्याचा दर्जा दिला होता, आणि त्यासाठी समुद्री बर्फाचा ऱ्हास हेच मुख्य कारण दिले होते.

या मादीपुढे, किंवा त्या ऋतूत ब्यूफोर्ट समुद्राच्या किनाऱ्याशी असलेल्या कोणत्याही अस्वलापुढे, दोनच मार्ग होते. एक तर किनाऱ्यावर थांबून शरद ऋतूत बर्फ परत येईपर्यंत दिवस काढायचे, नाहीतर बर्फ जेथे असेल तेथे जायचे. या समुद्रातील बहुतेक अस्वले परंपरेने दुसरा मार्ग धरत आली आहेत. बर्फ जवळ असे त्या काळात तो मार्ग शहाणपणाचा होता. मादीने केले ते नेहमीचेच. फरक पडला होता तो मधल्या अंतरात.

नोंदींचे स्वरूप

एखादे अस्वल पोहत होते की तरत्या बर्फावर बसून वाहत चालले होते, हे शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या माणसाला कसे कळावे, ही शंका रास्त आहे आणि प्रकरणाची विश्वासार्हता तिच्या उत्तरावर अवलंबून आहे.

अशी अस्वले हेलिकॉप्टरमधून भुलीचा बाण मारून पकडली जातात. भूल चढली की जनावराला जाळीत गुंडाळून तीन पायांच्या घडवंचीखाली काट्याला टांगून तोलतात. वय ठरवण्यासाठी एक निरुपयोगी छोटी दाढ काढून घेतात. कॉलर केवळ माद्यांनाच बसवता येते, कारण प्रौढ नराची मान डोक्यापेक्षा जाड असल्याने त्याच्या गळ्यात ती टिकत नाही. या विषयातील जवळजवळ सगळी माहिती माद्यांची आहे, त्यामागे हे इतके साधे शरीररचनेचे कारण आहे. नर किती पोहतात याविषयी कोणी ठाम विधान केले, तर वाचकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

प्रस्तुत मादीच्या बाबतीत चार प्रकारच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता आल्या. पहिली स्थानाची, तिच्यावरून वेग कळत होता. दुसरी कॉलरमधील हालचाल मोजणाऱ्या यंत्रणेची, तिच्यावरून दर तासाला शरीर किती हलत होते ते समजत होते. तिसरी कॉलरभोवतीच्या तापमानाची. चौथी तिच्या त्वचेखाली बसवलेल्या तापमापकाची. चालणाऱ्या, विसावलेल्या आणि पोहणाऱ्या अस्वलाच्या या चारही नोंदींची ठेवण वेगवेगळी असते. हवेचे तापमान दिवसभर चढते-उतरते, समुद्राचे पाणी मात्र जवळपास स्थिर असते. या मादीभोवतीचे पाणी २ ते ६ अंश सेल्सिअस होते. बाहेरचे तापमान असे पाण्याच्या पातळीवर खिळलेले, त्वचेखालचे तापमान उतरलेले, शरीराची हालचाल अखंड आणि स्थान सतत पुढे सरकणारे, हे सगळे एकाच वेळी दिसले की पोहण्याखेरीज दुसरे स्पष्टीकरण उरत नाही. शिवाय उपग्रहांनी टिपलेल्या बर्फाच्या नकाशांवरून त्या मार्गावर बर्फ होता की नव्हता, हेही पडताळता येते.

वजनाच्या बाबतीत मात्र हाती फक्त दोन आकडे आहेत, एक ऑगस्टचा आणि एक ऑक्टोबरचा. मधल्या काळात वजन कोणत्या गतीने उतरत गेले याची नोंद नाही, आणि पुढील विवेचनात हा मुद्दा कळीचा ठरणार आहे.

पाण्यातील नऊ दिवस

६८७ किलोमीटर अंतर २३२ तासांत, म्हणजे ताशी सुमारे ३ किलोमीटर. हा वेग माणसाच्या रमतगमत चालण्यापेक्षाही कमी आहे. त्यातली कठीण गोष्ट वेगाची नसून खंड न पडण्याची आहे. नऊ दिवसांत अंग टेकायला जागा नाही, भक्ष्य नाही, आणि चारही बाजूंना पिण्यास अयोग्य खारे पाणी. शरीरातील चरबी जळताना पाणी तयार होते, त्यावर अस्वल तहान भागवू शकते. म्हणजे पाण्याची गरजही शेवटी चरबीच्याच साठ्यातून भागते.

ध्रुवीय अस्वल पोहणारा प्राणी आहे यात वाद नाही. पुढच्या रुंद पंजांनी ते पाणी मागे सारते आणि मागचे पाय सुकाणूसारखे धरते. चरबीमुळे ते तरंगते. पण सील किंवा देवमासा ज्या अर्थाने पाण्यासाठी घडलेला आहे, त्या अर्थाने अस्वल घडलेले नाही. त्याची केसाळ कातडी कोरडी असताना उत्तम ऊब धरते, कारण केसांत हवा अडकून राहते. भिजल्यावर ती हवा निघून जाते आणि ऊबही बरीचशी जाते. चरबीचा थर तेवढ्या प्रमाणात संरक्षण देत नाही, कारण सीलच्या अंगावर तो जसा सर्वत्र सारखा गुंडाळलेला असतो तसा अस्वलाच्या अंगावर नसतो. आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. २ ते ६ अंशांच्या पाण्यात माणूस तासाभरातच गारठून निकामी होतो, हे लक्षात घेतले तर नऊ दिवस या आकड्याचे वजन कळते.

मग शरीराने हे सोसले कसे? याचा एक भाग पुढे स्पष्ट झाला. जॉन व्हाइटमन आणि सहकाऱ्यांनी याच समुद्रातील अस्वलांच्या शरीरात तापमापक बसवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पोहताना अस्वल धडाच्या बाहेरील भागातील ऊतींना तात्पुरते थंड होऊ देते आणि त्या थंड कवचाच्या आत मर्मस्थाने उबदार राखते, असे त्यात आढळले. बाहेरचा थर गार झाला की त्याच्या आणि पाण्याच्या तापमानातील तफावत घटते, आणि तफावत घटली की उष्णता कमी गळते. हे कौशल्य खरोखर थक्क करणारे आहे. पण कवच कितीही चांगले असले तरी आतली शेगडी पेटती ठेवावीच लागते, आणि तिच्यात जळते ती उन्हाळ्याच्या आरंभी साठवलेली चरबी. शिवाय अस्वलाचे पोहणे मुळात महाग आहे : तेवढेच अंतर चालून जाण्यापेक्षा पोहून जाण्यात त्याची कित्येक पट अधिक ऊर्जा खर्च होते.

याच अभ्यासाने एक जुना दिलासाही मोडीत काढला. उन्हाळ्यात अन्न मिळेनासे झाले की ध्रुवीय अस्वल शरीराचे व्यवहार मंद करते आणि चालता-चालताच शीतनिद्रेसारख्या अवस्थेत दिवस काढते, असा एक तर्क बरीच वर्षे मांडला जात होता. तो खरा असता तर बर्फाविना उपाशी राहण्याचा काळ लांबला तरी फारसे बिघडले नसते. प्रत्यक्षात उन्हाळ्यात अस्वलांची हालचाल आणि शरीराचे तापमान थोडेसे उतरते खरे, पण ते कोणत्याही उपाशी सस्तन प्राण्यात उतरते तेवढेच. शीतनिद्रेसारखी खास बचत तेथे नाही.

बर्फ लागल्यानंतर

बातम्यांतील कथा येथे संपते : थकलेली मादी अखेर बर्फावर पोचली. माझ्या मते प्रकरणाचा अधिक बोलका भाग येथून सुरू होतो.

मादीने दोन महिन्यांत ४९ किलो वजन गमावले. ते मूळ वजनाच्या सुमारे २२ टक्के होते. दिवसाची सरासरी काढली तर साधारण ०.८ किलो येते. पण एकूण काळापैकी सलग पोहण्याचे दिवस जेमतेम एक-षष्ठांश आहेत, आणि एकूण सुमारे २,५०० किलोमीटरच्या प्रवासात त्या पोहण्याचा वाटा चौथ्या हिश्शाहून थोडाच अधिक आहे. पोहण्याचे दिवस इतर दिवसांपेक्षा कितीतरी महाग पडले असणार, हे उघड आहे. तरीही संपूर्ण घट त्या नऊ दिवसांच्या माथी मारणे हिशेबाला धरून होणार नाही. बर्फावर पोचल्यानंतर तिला पुरेशी शिकार मिळाली असती, तर उरलेल्या सात-आठ आठवड्यांत झालेली झीज निदान अंशतः भरून निघायला हवी होती. वसंत ऋतूत चांगल्या शिकारीच्या काळात ध्रुवीय अस्वले थोड्या दिवसांत वजन भराभर वाढवतात. ऑक्टोबरमध्ये काट्यावर १७७ किलो भरले, याचा अर्थ एकच निघतो : ज्या बर्फासाठी तिने समुद्र ओलांडला, त्या बर्फाने तिला परतफेड केली नाही.

कारण आधी सांगितलेच आहे. तो बर्फ खोल पाण्यावर होता. पायाखाली उभे राहायला जागा मिळाली, पण त्या जागेखाली सील विरळ होते. मूळ शोधनिबंधातही पोहण्याच्या जोडीने खोल पाण्यावरील बर्फातून केलेल्या प्रवासाचा उल्लेख आहे. या दोन्हींचा ऊर्जेतील खर्च मोठा असून त्यामुळे प्रजननाची हानी होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष आहे. बातम्यांतून हा दुसरा अर्धा भाग गळून पडला.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. समुद्री बर्फ स्थिर नसतो. वारे आणि प्रवाह त्याला वाहून नेतात, आणि ब्यूफोर्ट समुद्रात हा ओघ बहुतांशी पश्चिमेकडे असतो. बर्फ पातळ आणि विखुरलेला झाला की तो अधिक वेगाने वाहतो. आपल्या परिचित प्रदेशात टिकून राहायचे तर अस्वलाला बर्फाच्या उलट दिशेने चालत राहावे लागते. ड्यूर्नर आणि सहकाऱ्यांनीच २०१७ मध्ये दाखवून दिले की बर्फाचा वेग वाढल्यामुळे माद्यांना अधिक चालावे लागते आणि त्यांचा ऊर्जाखर्च वाढतो. या मादीच्या १,८०० किलोमीटरांतील किती वाट शिकारीच्या शोधातली आणि किती केवळ वाहून न जाण्यासाठीची, हे वेगळे काढता येत नाही. पण नकाशावरची लांबलचक रेघ म्हणजे तेवढीच उपयुक्त भटकंती, असे समजण्याचे कारण नाही.

चालणेही स्वस्त नसते. २०१४ ते २०१६ या काळात अँथनी पेगानो आणि सहकाऱ्यांनी याच समुद्राच्या बर्फावरील नऊ माद्यांचा चयापचय मोजला, तेव्हा तो आधी गृहीत धरलेल्यापेक्षा सुमारे १.६ पट निघाला. मोजणी एप्रिलमधली, म्हणजे शिकारीच्या हंगामातली होती, आणि तरीही त्यांपैकी चार माद्यांचे वजन आठ ते अकरा दिवसांत दहा टक्के किंवा त्याहून अधिक घटले. ध्रुवीय अस्वल हे उपासाला सरावलेले जनावर आहे, असे आपण सहज म्हणून जातो. चरबीचा साठा भरलेला असेपर्यंतच ते म्हणणे खरे असते.

पिल्लू

ध्रुवीय अस्वलाचे पिल्लू ऐन हिवाळ्यात बर्फातल्या गुहेत जन्मते, तेव्हा त्याचे वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो असते. त्यानंतर साधारण अडीच वर्षे ते आईसोबत राहते, तिचे दूध पिते आणि शिकार शिकते. या मादीच्या पिल्लाला स्वतंत्र होण्यास पुढचा वसंत ऋतू उजाडावा लागला असता. म्हणजे संगोपनाचा मोठा आणि अधिक धोक्याचा भाग पार पडलेला होता. पहिल्या वर्षात पिल्ले सर्वाधिक दगावतात, आणि ते वर्ष या पिल्लाने ओलांडले होते.

ते नेमके कोठे गेले, याचा पुरावा नाही. कॉलर आईच्या गळ्यात होती. पिल्लू पोहताना दमून बुडाले असेल, बर्फावर उपासमारीने गेले असेल किंवा अन्य कारणाने आईपासून तुटले असेल. शरीराने लहान असलेल्या प्राण्यात वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक असल्याने उष्णता लवकर गळते आणि चरबीचा साठाही तोकडा असतो, त्यामुळे पोहण्याकडे बोट दाखवणे साहजिक आहे. तरीही प्रकरण लिहिताना साहजिक आणि सिद्ध यांत अंतर ठेवणे भाग आहे. अनेक बातम्यांत पिल्लू पोहतानाच बुडाल्याचे ठामपणे लिहिले गेले; नोंदी तेवढे सांगत नाहीत.

मादीच्या दृष्टीने या हानीचा अर्थ दीड वर्षाहून अधिक काळाचे दूध, शिकार आणि राखण वाया जाणे असा होतो. ती पुढच्या वसंतात पुन्हा माजावर येऊ शकते, या अर्थाने पिल्लू गेल्याने तिचा मार्ग मोकळा झाला असेही कोणी म्हणेल. परंतु गर्भ राहिला तरी तो वाढवण्यासाठी शरद ऋतूत पुरेशी चरबी असावी लागते, नाहीतर गर्भधारणा पुढे जात नाही. कॅनडातील पश्चिम हडसन उपसागरात झालेल्या एका अभ्यासात, शरद ऋतूत १८९ किलोहून कमी वजन असलेल्या एकाही मादीने जगणारी पिल्ले दिल्याचे आढळले नव्हते. ती संख्या दुसऱ्या प्रदेशातील अस्वलांची आहे आणि येथे जशीच्या तशी लावता येणार नाही. पण १७७ किलोची मादी हिवाळ्याच्या तोंडावर कोणत्या स्थितीत उभी होती, याची कल्पना येण्यास ती पुरेशी आहे.

दुसरा मार्ग

मादीने किनाऱ्यावरच थांबायला हवे होते का? हा प्रश्न माणसाच्या सोयीचा आहे, अस्वलापुढे तो अशा शब्दांत उभा नसतो. तरी तुलना करून पाहणे उपयोगाचे आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर इन्युपियाट लोक परंपरेने बोहेड देवमाशाची शिकार करतात आणि तिचे अवशेष काक्टोविक हे गाव ज्यावर आहे ते बार्टर बेट, क्रॉस बेट अशा ठिकाणी पडून राहतात. शरद ऋतूत किनाऱ्यावर थांबलेली अस्वले या अवशेषांवर येतात. ब्यूफोर्ट समुद्रातील कॉलर लावलेल्या माद्यांपैकी उन्हाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्यांचे प्रमाण १९८० आणि १९९० च्या दशकांच्या मानाने २००० नंतर जवळपास तिपटीने वाढले, यामागे बर्फाची माघार आणि हे अन्न, दोन्ही कारणे आहेत.

केवळ अन्नाचा विचार केला, तर खोल समुद्रावरच्या ओसाड बर्फापेक्षा किनाऱ्यावरचे मांस बरे, असे म्हणता येईल. पण त्या ठिकाणी माणसांशी गाठ पडते, नर अस्वले जवळ येतात, आणि पिल्लू असलेल्या मादीला नरांपासून दूर राहणे श्रेयस्कर असते. शिवाय हे अन्न मोजक्या जागी आणि मोजक्या अस्वलांपुरते आहे. संपूर्ण प्रजातीच्या सीलवर चालणाऱ्या जीवनक्रमाला ते पर्याय ठरू शकत नाही.

एका प्रकरणाची व्याप्ती

एका मादीच्या एका प्रवासावरून सगळ्या अस्वलांविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, आणि सुदैवाने तसे करावे लागत नाही. पेगानो आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २००९ या वर्षांतील ५२ कॉलरधारी माद्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी २० माद्यांनी मिळून ५० किलोमीटरहून अधिक लांबीच्या ५० जलयात्रा केल्या होत्या आणि त्यांची सरासरी लांबी सुमारे १५४ किलोमीटर होती. त्या यादीत सर्वांत वरचा आकडा ६८७ चा, म्हणजे आपल्याच मादीचा आहे. प्रस्तुत प्रकरण हे टोकाचे उदाहरण आहे, नमुन्याचे नव्हे, आणि ते वाचताना याचा विसर पडू नये. त्याच अभ्यासात पिल्ले असलेल्या ज्या दहा माद्या वर्षभराच्या आत पुन्हा पाहता आल्या, त्यांपैकी सहा माद्यांची पिल्ले सोबतच होती. लांब पोहणे म्हणजे पिल्लाचा मृत्यू अटळ, असे समीकरण यावरून मांडता येत नाही.

दुसऱ्या बाजूला, पोहण्याचे सामर्थ्य आहे म्हणून धोका नाही असेही नव्हे. २००४ च्या सप्टेंबरमध्ये देवमाशांच्या हवाई पाहणीदरम्यान याच समुद्रात चार अस्वले मृतावस्थेत तरंगताना दिसली होती; जोरदार वाऱ्यात आणि खवळलेल्या पाण्यात ती बुडाली असावीत, असा निरीक्षकांचा कयास होता. बर्फ दूर गेला की नुसते अंतरच वाढत नाही. मोकळ्या पाण्याचा विस्तार वाढतो आणि त्यावर वाऱ्याला लाटा उठवायला अधिक वाव मिळतो, हा भाग पोहण्याच्या चर्चेत क्वचितच येतो. आपल्या मादीच्या नऊ दिवसांत समुद्र तुलनेने शांत नसता, तर कदाचित ती वाचली नसती आणि हे प्रकरण लिहायला उरलेच नसते, असे वाटून जाते. अर्थात हा माझा अंदाज आहे.

समूहाच्या पातळीवर चित्र असे की दक्षिण ब्यूफोर्ट समुद्रातील अस्वलांची संख्या २००१ ते २०१० या दशकात २५ ते ५० टक्क्यांनी घटली आणि २०१० च्या सुमारास ती सुमारे ९०० असावी, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जगण्याचे प्रमाण विशेषतः २००४ ते २००६ या वर्षांत घसरले होते. ही घट अशाच हजारो छोट्या हिशेबांतून साकारते : एका मादीचे ४९ किलो, एक पिल्लू, वाया गेलेला एक प्रजननकाळ. यांपैकी कोणत्याही एका नोंदीत प्रौढ अस्वलाचा मृत्यू नसतो, आणि म्हणूनच नुसत्या शवांची मोजदाद करणाऱ्याला ती दिसत नाही.

कॅनडाच्या बाजूच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या प्रकरणाला एक महत्त्वाची जोड दिली. ब्यूफोर्ट समुद्रातील कॉलर लावलेल्या प्रौढ माद्यांपैकी वर्षातून एकदा तरी ५० किलोमीटरहून लांब पोहणाऱ्यांचे प्रमाण २००४ मध्ये २५ टक्के होते, ते २०१२ मध्ये ६९ टक्क्यांवर गेले. आणि २०१२ हे बर्फाच्या नव्या नीचांकाचे वर्ष होते. त्याच अभ्यासात असेही दिसले की लहान पिल्ले असलेल्या माद्या अशी पोहण्याची वेळ शक्यतो टाळतात. २००८ च्या मादीसोबतचे पिल्लू तान्हे नव्हते, दीड वर्ष ओलांडलेले होते. तान्ह्या पिल्लाची आई किनाऱ्यावर थांबली असती, असे म्हणायला या नोंदींत आधार सापडतो. मोठ्या पिल्लाची आई निघते, आणि किती अंतर पुढे आहे हे पाण्यात उतरताना तिला दिसत नसते.